आबांच्या शेडचं कुलूप

घरामागच्या पत्र्याच्या शेडला मी कुलूप लावलं, त्या दिवशी आबा माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

आबा म्हणजे माझे वडील. वय ७२. आयुष्यभर शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं. निवृत्त झाल्यावर परसात त्यांनी स्वतःची शेड बांधली. १० फूट बाय १२ फूट, चारी बाजूंना विटांच्या भिंती आणि वर पन्हळी पत्रे. आत एक दणकट बाक, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या करवती, रंधे, पटाश्या. गल्लीतला मोडका पाळणा, पाय निखळलेली खुर्ची, मुलांच्या बॅटी, सगळं इथं दुरुस्त व्हायचं.

आमचं गाव विदर्भातलं. मुलांनो, आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच असेल. गेल्या वर्षी मे महिन्यात एके दुपारी आमची थोरली (ती तेव्हा नववीत होती) आबांना पाण्याचा तांब्या द्यायला शेडमध्ये गेली आणि ओरडतच बाहेर आली. आबा बाकाला टेकून खाली बसले होते. अंग तापलेलं, बोलणं अडखळत होतं. त्यांना सावलीत आणलं, अंगावर ओले पंचे टाकले, वारा घातला आणि तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं."

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर शेडला कुलूप लावलं. आबा ओसरीत बसून बघत होते. संध्याकाळी आईला म्हणाले, "कुलूप शेडले लावलं का मले?"

दोन दिवस गेले. आबा वर्तमानपत्र उघडायचे आणि एकाच पानाकडे तासभर बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी थोरली माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, किल्ली केव्हा देणार?"

मी म्हटलं, "दुपारी तीन वाजता शेडमधला पारा ३५ च्या खाली आणून दाखवा. त्या दिवशी देतो."

हा ३५ चा आकडा मी उगाच सांगितला नव्हता, बरं का. आपल्या कातडीचं तापमान ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल, तर अंगातली उष्णता आपोआप हवेत जाते. हवा त्याहून गरम झाली, की उलटा प्रवास सुरू होतो. मग अंग थंड ठेवायला एकट्या घामाचाच काय तो आधार उरतो. अशा वेळी नुसता पंखा लावला, तर तो गरम हवाच अंगावर मारतो.

अकरा इस्त्र्या

पहिली चूक मीच केली. बाजारातून एक जुना कूलर आणून शेडच्या खिडकीत बसवला. मला वाटलं, झालं काम! पण तीन वाजता आतला पारा ३८ च्या खाली उतरेना. वर मान केली, की कपाळाला शेगडीसारखी धग लागायची.

मग थोरलीनं शाळेच्या सरांकडून प्रयोगशाळेतला तापमापक मागून आणला, एक वही केली आणि कूलर बंद ठेवून दर तासाला नोंदी घेतल्या. दुपारी तीन वाजता बाहेर सावलीत ४३ अंश, शेडमध्ये ४९! म्हणजे शेड सावली देत नव्हती, भट्टीचं काम करत होती.

आता थोडं गणित करू या. भर दुपारच्या उन्हातून एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट उष्णता पडते. आमचं छप्पर ११ चौरस मीटरचं. म्हणजे १००० वॅटच्या अकरा इस्त्र्या छपरावर ठेवून सगळ्या चालू केल्या, अशी कल्पना करा. त्यातली सगळीच काही आत येत नाही, पण पत्रा पातळ आणि लोखंडाचा. स्थिर हवेच्या तुलनेत लोखंडातून उष्णता दोन हजार पटींच्या आसपास सहज वाहते. वरून तापलेला पत्रा खालूनही तेवढाच तापतो आणि खाली धग फेकत राहतो. तिथे बिचारा एक कूलर काय करणार?

विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचलं असेल, की उष्णता तीन वाटांनी फिरते : वहन, अभिसरण आणि प्रारण. पत्र्याच्या आरपार येते ते वहन. तापलेली हवा वर चढून छताखाली कोंडते ते अभिसरण. आणि कपाळाला न शिवता कपाळ भाजते ते प्रारण. आमच्या शेडमध्ये तिन्ही वाटा उघड्या होत्या.

आमचा धाकटा पाचवीत. त्याच्या शाळेच्या भिंतीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' असं लिहिलेलं आहे. तो एकदम म्हणाला, "मग आपण ऊन अडवा, असं करू या ना!" आम्ही हसलो. पण नंतर वाटलं, पोरगं बरोबर बोललं. आधी ऊन अडवायचं, मग आतली गरम हवा घालवायची आणि शेवटी गारवा आणायचा. मी शेवटची पायरी पहिल्यांदा चढायला गेलो होतो.

ऊन अडवा

तेवढ्यात पावसाळा आला. दिवाळीच्या सुट्टीत कूलूप उघडलं, तर पटाश्यांवर तांबूस गंज! बंद शेडमधली दमट हवा रात्री थंड पत्र्याला लागली, की तिचं पाणी होऊन थेंब ठिबकतात. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच. आबांनी एकेक पटाशी उचलली, पॉलिशपेपरनं घासली, तेलाचा हात फिरवला. मग वर पत्र्याकडे बघून म्हणाले, "हे छप्पर नाही, तवा होय. सांगा, काय करायचं आहे?" पाच महिन्यांनी ते मोकळेपणानं बोलले.

सगळ्यात आधी गळती शोधली. भर उन्हात शेडचं दार-खिडकी बंद करून आत अंधार केला. जिथं पत्र्यातून उजेडाचा ठिपका दिसला, तिथं खडूनं खूण केली. नंतर वरून प्रत्येक भोक बुजवलं.

मग चुना. सकाळी साडेसहाला, पत्रा थंड असताना मी वर चढलो. पत्र्यावर थेट पाय ठेवला तर तो वाकतो, माणूस कोसळू शकतो. म्हणून लाकडी वाशांच्या रेषेत आडव्या फळ्या टाकून त्यांवरच पाय ठेवले. चाळलेला चुना, त्यात धरून राहावा म्हणून थोडा फेविकॉल, असे दोन हात दिले. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जातो, म्हणून चष्मा आणि हातमोजे. हे काम मोठ्यांचंच आहे, मुलांनी खालून फक्त सूचना द्याव्यात! पांढरा रंग निम्म्याहून जास्त ऊन परत आकाशात फेकतो. पावसात चुना धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडावर नवा हात द्यावा लागतो.

दुसरं काम छताचं. पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून आबांनी लाकडी चौकट उभी केली. चौकटीत कशाचा थर घालायचा, यावर घरात वाद झाला. मी म्हणालो, थर्माकोल. हलकं, स्वस्त आणि त्यात ९८ टक्के हवाच असते. हवेला हलता येऊ दिलं नाही, तर ती उष्णता अडवण्यात पटाईत. स्वेटर, गोधडी, पक्ष्यांची पिसं, सगळ्यांचं रहस्य हेच. पण आबांनी मान हलवली. "इथं भुसा आहे, लाकूड आहे, वायरी आहेत. थर्माकोलनं पेट घेतला तर बाहेर पळाले वेळ नाही भेटत." ते खरंच होतं. थर्माकोल भराभर जळतं, वितळून ठिबकतं आणि त्याचा काळा धूर जीवघेणा असतो.

शेवटी दोन इंच जाडीचे रॉकवूलचे थर आणले. दगड वितळवून त्याचे कापसासारखे तंतू केलेले असतात. त्यातही हवा अडकते, पण ते जळत नाहीत. तंतू अंगाला खाजतात, म्हणून पूर्ण बाह्या, हातमोजे, नाकातोंडाला मास्क. थराची एक बाजू चकचकीत अॅल्युमिनियमच्या कागदाची होती, ती वर पत्र्याकडे केली. पत्र्याची धग या आरशावरून परत फिरते. मात्र मध्ये मोकळी हवा हवीच. कागद पत्र्याला चिकटवला, तर वहनाची वाट पुन्हा उघडते आणि आरसा वाया जातो.

खालून जिप्समचे बोर्ड ठोकले. जिप्सम हा गमतीदार पदार्थ आहे. त्याच्या स्फटिकांमध्ये वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा पाणी बांधलेलं असतं. आग लागली तर आधी ते पाणी उडून जावं लागतं, तेवढा वेळ बोर्ड आगीला थोपवून धरतो.

तुमच्याकडे जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर एक लक्षात ठेवा. त्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असतं. ते कापू नका, त्याला भोकं पाडू नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली, की कित्येक वर्षांनी गंभीर आजार होतात.

तिसरं काम पश्चिमेच्या भिंतीचं. दुपारचं तिरपं ऊन तिच्यावरच आपटतं. विटांची भिंत उष्णता साठवते आणि संध्याकाळी आत सोडते. भिंतीपासून अर्धा फूट लांब बांबूची ताटी उभी केली, तिच्यावर हिरवी जाळी बांधली आणि खाली मधुमालती लावली. वेल वाढला, की जाळी काढून टाकायची.

गरम हवा घालवा

गरम हवा हलकी, ती वर जाते. म्हणून पत्रा आणि नवं छत यांच्यामधल्या वीतभर पोकळीची दोन्ही टोकं आम्ही उघडी ठेवली. फक्त उंदीर-पाखरं शिरू नयेत म्हणून तारेची जाळी मारली. तापलेली हवा एका टोकानं निघून जाते, दुसऱ्या टोकानं नवी येते.

शेडच्या आतही तसंच. उत्तरेच्या सावलीकडच्या भिंतीत जमिनीजवळ एक झडप आणि समोरच्या भिंतीत छताखाली दुसरी. दोन्हींना आबांनी सरकती लाकडी झाकणं केली. नको तेव्हा बंद करता यावीत म्हणून.

दाराच्या फटी शोधायचं काम धाकट्याचं. त्यानं भुसा झाडून काढला, आईला सोबत घेतलं आणि पेटती उदबत्ती दाराच्या कडेनं फिरवली. जिथं धुराची रेघ वाकडी झाली, तिथं फट! त्या फटींना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मारल्या.

न दिसणारा शत्रू

आणि मग जानेवारीत पुन्हा एकदा काळजाचा ठोका चुकला.

आमच्याकडे उन्हाळा जितका कडक, तितकीच पहाटेची थंडी. पारा १० च्या खाली उतरतो. थंडीत शेड उघडायला माझी हरकत नव्हती. एका सकाळी आबांनी कोळशाची शेगडी पेटवून आत नेली आणि ऊब जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. फटी तर आम्हीच बुजवल्या होत्या! थोड्या वेळानं ते स्वतःच बाहेर आले. "डोकं लय दुखते. मळमळते." थोरलीनं आत डोकावून शेगडी पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

कोळसा अपुऱ्या हवेत जळला, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, पण हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. मुलांनो, आईबाबांनाही हे वाचून दाखवा : शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं, रॉकेलचा स्टोव्ह, जनरेटर, यांतलं काहीही बंद खोलीत कधीच नाही. कुणाला त्रास झालाच, तर लगेच मोकळ्या हवेत आणायचं आणि दवाखाना गाठायचा. आम्हीही आबांना तपासून आणलं. नशीब, की ते वेळेवर बाहेर पडले होते.

मग ऊब आणायची कशी? तीन साध्या गोष्टी केल्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची खिडकी सकाळी नऊपासून उघडली. ऊन थेट बाकापर्यंत येतं. तीच खिडकी चारच्या सुमारास बंद करायची, म्हणजे दिवसभरात विटांनी घेतलेली ऊब आतच राहते. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असतो, तेव्हा छपराची पुढे आलेली वळचण त्याच खिडकीवर सावली धरते. दुसरं, शहाबादी फरशी पायांतली ऊब ओढून घेते, म्हणून बाकाजवळ लाकडी फळी टाकली. तिसरं, काम नऊच्या आधी सुरू करायचं नाही, असं आबांनी कबूल केलं. लाल तारेचा उघडा हीटर मात्र आणला नाही. जिथं भुसा उडतो, तिथं तो नकोच.

लडाखमध्ये तर थंडीत पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. तिथल्या 'सेकमॉल' या संस्थेच्या मातीच्या इमारतीही दक्षिणेला तोंड करून, मोठ्या काचांमधून उन्हाची ऊब आत घेतात. आमची युक्ती त्यांच्याच जातकुळीची, फक्त लहान!

शेवटी गारवा

मे उजाडला. दुपारी तीनला बाहेर ४३ अंश. थोरलीनं आत तापमापक पाहिला : ४३. धाकटा हिरमुसला. "एवढं करून बाहेरच्याइतकंच?"

पण विचार करा. गेल्या वर्षी याच वेळी आत ४९ होते. वर मान केली, तर कपाळाला धग नव्हती. ऊन अडवून आणि हवा खेळती ठेवून भर दुपारी शेड बाहेरच्याइतकी होते. त्याहून थंड व्हायचं तर गारवा बाहेरून आणावा लागतो. आता कुठे कूलरची पाळी आली.

कूलरची जादू पाण्याच्या वाफेत आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. तेवढ्या उष्णतेनं दहा लिटरची बादली २५ अंशांपासून ८३ अंशांपर्यंत तापली असती! आमची हवा कोरडी, म्हणून पाणी झपाट्यानं उडतं. कोकणात किंवा मुंबईला हाच कूलर नुसता दमटपणा वाढवील. तिथं ऊन अडवणं आणि वारा खेळवणं हेच जास्त कामाचं.

मी गेल्या वर्षी आणखी एक चूक केली होती. कूलर लावून सगळं बंद केलं होतं. दमट हवा आत कोंडली, की पाणी उडेनासं होतं. आता कूलर उत्तरेच्या खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर. समोरची वरची झडप उघडी. वाळ्याच्या नव्या जाळ्या घातल्या, तसा सगळा परसू दरवळला.

कूलरचे दोन धोके सांगतो. पाणी आणि वीज शेजारी शेजारी असतात, म्हणून तीन पिनांचा प्लग, पक्कं अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच वायरमनकडून बसवून घेतला. पाणी भरण्याआधी प्लग काढायचाच. आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची. ते काम धाकट्याकडे आहे, दर रविवारी.

तुम्हाला एक गंमत माहीत आहे? एअरकंडिशनचा जन्मसुद्धा माणसांच्या सुखासाठी झालेला नाही. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात एका छापखान्याची अडचण होती. दमट हवेनं कागद फुगायचा, मग आक्रसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जागेवर बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतला दमटपणा काबूत ठेवणारं यंत्र आखलं, ते त्या कागदासाठी. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "लाकूडही तसंच. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आवळते. त्याले कोणी यंत्र नाही देल्लं."

किल्ली

कूलर लावून तासभर थांबलो. थोरली दाराशी वही घेऊन उभी. मी तापमापक हातात घेतला. पारा ३२ वर होता. तिनं तो स्वतः पुन्हा पाहिला, मग वहीत लिहिला.

मी खिशातून किल्ली काढली. आबा उठून आले. किल्ली घेतली नाही. आधी शेडमध्ये गेले, छताला हात उंचावून बघितलं, बाकावरून हात फिरवला. मग म्हणाले, "किल्ली राहू दे तुझ्याजवळ. कुलूप मात्र मले दे. हत्यारांच्या पेटीले लागते."

थोरलीनं मात्र त्यांना एक अट घातली. वीज गेली आणि पारा ३५ वर चढला, की काम कितीही अर्धवट असो, बाहेर यायचं. आणि दर अर्ध्या तासानं पाणी. ही अट तिनं शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवली आहे. शेजारी तापमापक टांगला आहे. सरांचा तिनं केव्हाच परत केला, हा आबांनी स्वतः बाजारातून आणलेला आहे.

तुम्हीही करून पाहा

पत्र्याचे दोन सारखे रिकामे डबे घ्या. कडा धारदार असतील, तर मोठ्यांकडून ठोकून घ्या. एक डबा तसाच उपडा उन्हात ठेवा. दुसऱ्याच्या तळाला, म्हणजे वरच्या बाजूला, पांढरा चुना लावा आणि आतून बोटभर अंतर सोडून पुठ्ठा बसवा. दोन्हींमध्ये एकेक तापमापक ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहा. ताप मोजायचा थर्मामीटर मात्र वापरू नका. त्यावरचे आकडे ४२-४३ ला संपतात, जास्त उष्णतेनं तो फुटतो. मग पुठ्ठा काढून पाहा, चुना पुसून पाहा. कशानं किती फरक पडला, ते तुमची वही तुम्हाला सांगेल.